वांदरं हाकलणाऱ्या यंत्राचा पंचनामा

नागसेन सरांनी वर्ध्याच्या कॉलेजात एवढंच सांगितलं होतं, की प्रोजेक्टच्या वहीत रोजचं काम लिहायचं, फसलं तर का फसलं तेही लिहायचं, आणि प्रत्येक पानाखाली बघणाऱ्याची सही घ्यायची. सहीशिवाय पान धरणार नाही. मयुरीची चूक एकच, तिने सहीसाठी मोठ्या बाबांना गाठलं.

मोठे बाबा, म्हणजे तिचे थोरले काका भैयाजी, गिरडजवळच्या त्या गावाचे माजी पोलीस पाटील. जन्मभर त्यांनी सह्या केल्या त्या पंचनाम्यावर. नुसतं बघून सही करणं त्यांना लबाडी वाटे. "साक्षीदार पायजे ना तुले? मंग रीतसर होईन," म्हणाले, आणि चार पंच घेऊनच शेतात आले. कायद्याला दोन पुरतात, पण भैयाजींची हौस दांडगी.

मयुरीचं यंत्र साधं होतं. वांदर बांधावर आलं की सेन्सरने ते टिपायचं आणि लोखंडी हाताने पत्र्याचा डबा बडवायचा. पहिल्या दिवशी वांदर सरळ यंत्रावरच येऊन बसलं आणि दोन्ही मिळून आडवी झाली. सेन्सर उंच झाला, असं मयुरी लिहिणार तोच भैयाजींनी वही ओढली. 'सदर यंत्र उताणे पडलेल्या स्थितीत मिळून आले, तोंड पूर्वेस. अंगावर ओरखडे. घातपाताचा संशय नाही.' मयुरीला सेन्सरचं वाक्य समासात कोंबावं लागलं.

तिने सेन्सर खाली आणला, तर वाऱ्याने तूर हलली की डबा वाजू लागला. दिवसभर वाजला. पंचांनी तुरीचा जबाब घ्यायचा आग्रह धरला. 'विचारणा करता तूर गप्प राहिली,' असं वहीत आजही आहे. मयुरी डोक्याला हात लावून बसली, पण सोडणारी नव्हती. डोलणारं झाड आणि चालणारं जनावर यातला फरक तिने यंत्राला शिकवला. पुन्हा फसलं, पुन्हा शिकवला.

आणि एका सकाळी डबा दणाणला, वांदरांचा अख्खा कळप पळाला तो फिरकलाच नाही! मयुरी बांधावर नाचली. उद्या वही द्यायची होती, फक्त या पानावर सही हवी होती.

भैयाजी पंचांसह शेतभर हिंडले. "इथं तं काहीच नाई."

"तेच तं, मोठे बाबा! वांदरं गेली!"

"मंग पंचनामा कायचा करू? काही घडलं असन तं पंचनामा. न घडल्याची सही म्या जन्मात केली नाई."

"माह्यं वर्ष जाईन ना!" तिला रडूच फुटलं. भैयाजी मात्र तत्त्वाचे पक्के, चालू लागले.

इतक्यात गावातून भैयाजींची बायको सीताबाई, म्हणजे मोठी आई, पदर खोचून ओरडत आली. "इथं काय करून राह्यले? तिकडं सारी वांदरं आपल्या घरावर बसली! छपराचे कवेलू फोडले, वड्या खाल्ल्या!"

भैयाजी थबकले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. गुन्हा घडला होता. घराचं नुकसान विसरून त्यांनी पेन उघडलं. 'सदर यंत्राने सदर शेतातील एकूण एक वांदर हाकलून लावले. एकही शिल्लक नाही. त्यायोगे फिर्यादीचे कवेलू फुटले. यंत्र पूर्णतः दोषी.' खाली पाच सह्या. आणि यंत्र मुद्देमाल म्हणून जप्त करून त्यांनी स्वतःच्या अंगणात नेऊन उभं केलं, चालू करून.

दुसऱ्या दिवशी मयुरी वर्ध्याला गेली ती नुसती वही घेऊन.

"यंत्र?" सरांनी विचारलं.

"जप्त झालं, सर."

सरांनी वही वाचायला घेतली. तुरीच्या जबाबाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

"यंत्र चाललं असं सगळेच लिहितात," सर म्हणाले, "चाललं म्हणून फिर्याद झालेलं हे पहिलंच." आणि त्यांनी त्या पाच सह्यांच्या खाली सही केली.