नावावरच्या खोल्या

दोन बोटांत धरला तर तुकडा दगडासारखा वाटत होता, पण अंगठ्यानं जरा दाबला की त्याची कड झिजून नुसती वाळू व्हायची, आणि त्या वाळूत पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. चुना असेल म्हणून रंभाबाईनं ते नखानं खरवडलं, तर ते पीठ निघालं. भाकरीचं. भिजवलेलं, अर्धवट सुकलेलं...

"परातीत पडला," ओट्याच्या पायरीखाली उभी असलेली चांगुणा म्हणाली. "मी पीठ मळत व्हते. वर बघितलं तर छताची सळई दिसाया लागलीया, काकी."

"मालकांना सांग."

"सांगून झालं. ते म्हणत्यात, तुमीच गच्चीवर धुणी वाळवता, मिरच्या वाळवता, पाणी मुरतं. दुरुस्ती तुमची तुमी करा."

"मग आनंदा का आला न्हाई?"

चांगुणानं पदर सारखा केला. "येणार हायेत संध्याकाळी. सगळेच बोलणार हायेत."

म्हणजे तोवर बायकोला पुढं घातलं. आज गुरुवार, कारखान्याला सुट्टी, आनंदा भिंतीला टेकून बिडी ओढत बसला असणार. त्याच खोलीच्या भिंतीला. रंभाबाईला एकाएकी ह्या सगळ्या भाडेकरूंचा कंटाळा आला. रिह्याच्या खोऱ्यातली आपली घरं सोडून उरवड्याला कारखान्यासाठी आलेली माणसं. दिवसभर लोखंड कापतात आणि मालकासमोर आले की ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. ही एक बोलते, तर तीही पायरीखालून. चांगुणाचं घर बौद्धांचं. त्यांचं भाडं ह्या घरात चालत होतं, त्यांच्या घरचं पाणी चालत नव्हतं, आणि हे कोणी कधी ठरवलं ते विचारायचीही सोय नव्हती.

चांगुणा गेल्यावर आतून नवऱ्यानं, हैबतरावांनी विचारलं, "काय म्हणत व्हती?"

"ऐकलं की तुमी."

हैबतराव बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. चहा केव्हाच निवला होता. खोटं बोलायच्या आधी ते अशी फुंकर घालतात, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच समजलं होतं.

"जो राहतो त्यानं भरावं," ते म्हणाले. "मी का त्यांच्या डोक्यावर उड्या मारायला गेलतो?"

तुकडा तिनं अंगणात भिरकावून दिला आणि हात धुतले, तरी बोटांना खरखर राहिली... खोल्या बांधल्या तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. ह्यांनी विहिरीच्या बांधकामाच्या नावानं परमिट काढलं, गोण्या गोठ्यात रचल्या, म्हशी बाहेर उन्हात बांधल्या; आणि मग दिवेलागणीला पौडकडून टेम्पो यायचा, गोण्या भरून परत जायचा, आणि गोठ्यात म्हशींना हळूहळू परत जागा होत जायची. विहीर कच्चीच राहिली. खोल्या मात्र उभ्या राहिल्या, पिवळा रंग लावून, आणि ह्यांनी नारळ फोडला. वैरण टाकायला जाताना ती सगळं बघत होती. बोलली नव्हती. का बोलावं? ह्या माणसाशी बोलून त्याची किंमत कशाला वाढवायची! न बोलणं ही तिनं त्याला दिलेली शिक्षा होती — ती शिक्षा त्याला कधी कळलीच नाही, उलट बायको शांत मिळाली म्हणून तो चारचौघांत मिरवत राहिला, ही गोष्ट वेगळी.

दुपारी तिनं निरोप धाडून भावाला बोलावलं. खोल्या त्यानंच बांधल्या होत्या. भिवाजी आला तो थेट जेवायलाच बसला. मनगटावर नवं घड्याळ, आणि भात कालवताना ते ताटात बुडू नये म्हणून हात असा वर धरलेला, जसं काही दुसऱ्या कोणाचा हात सांभाळतोय.

"आक्का, मला जेवढं दिलं तेवढ्यात बांधलं," तो म्हणाला. "दाजींना इचार."

"कमी पडतंय म्हणून सांगायचं व्हतंस."

"सांगितलं की. म्हणले, वाळू घाल." तो हसला. "आता दुरुस्ती म्हणशील तर करून देतो. पर पैसं कोन देनार ते तुमचं तुमी ठरवा."

आईच्या मागं हिनंच वाढवलेला भाऊ. हा बिघडवण्याचेही घेणार आणि सुधारण्याचेही घेणार, आणि दोन्ही वेळा जेवून जाणार. असं मनात म्हणत असतानाच तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला, वर तूप सोडलं, आणि स्वतःच्या हाताकडं ती परक्यासारखी बघत राहिली.

संध्याकाळी खोल्यांसमोर सगळे जमले. हैबतरावांना बसायला खुर्ची भाडेकरूंनीच आणून दिली. ते बसले, भाडेकरू उभे राहिले. रंभाबाई जरा लांब, शेवटच्या खोलीच्या जोत्यावर टेकली. आपण का आलो हे तिला नीट सांगता आलं नसतं. बघायला, एवढंच... ह्यांना एकमेकांसमोर लहान होताना बघायला.

"मालक, राहायचं भाडं आमी देतो," आनंदा म्हणाला. आवाज बरा होता, नजर मात्र खुर्चीच्या पायाकडं. "घर पडाया लागलं तर ते बी आमीच उभं करायचं?"

"न्हाई जमत तर दुसरीकडं बघा. कारखान्याला रोज नवी माणसं येत्यात. खोली रिकामी राहायची न्हाई."

मग मागून एकजण म्हणाला, "निम्मं निम्मं करू, मालक," आणि बाकीच्यांचे चेहरे सैल पडले. निम्मं! जे ह्यांनी बिघडवलं नाही त्याचं निम्मं द्यायला ही माणसं तयार होती, आणि वर सुटल्यासारखी दिसत होती. रंभाबाईला हसू आलं. नवरा, भाऊ, हे सगळे — एका माळेतले. आणि मी...

"खोल्या काकींच्या नावावर हायेत," दारातून चांगुणा म्हणाली. "त्यास्नी इचारा की."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हैबतराव मोठ्यानं हसले. "तिला काय इचारायचं?"

खरं होतं ते. जमीन तिच्या बापानं तिला दिलेली. स्वतःच्या नावावर जास्त दिसायला नको म्हणून, जमिनीच्या कायद्याच्या भीतीनं ह्यांनी खोल्याही तिच्याच नावावर ठेवल्या. सही करताना ती मनात म्हणाली होती, घे, माझं नावही वापर, तेवढंच राहिलं होतं. तिला वाटलं होतं की नाव देऊन टाकलं म्हणजे आपण त्यातून मोकळे झालो. भाडं ते घेणार, पाप तेच घेणार. आणि आता ही पोर पायरीखालून नव्हे, सरळ समोरून तिच्याकडं बघत होती.

रंभाबाई उठली. खुर्चीकडं न जाता ती चांगुणाच्या दारात गेली, आणि चांगुणा बाजूला झाली तशी आत शिरली. खोल्या बांधून झाल्यापासून ती इथं कधी आत आली नव्हती. फळीवर घासलेली भांडी, बुद्धाची तसबीर, दोरीवर लुगडं. चूल सरकवून दाराशी आणलेली होती, आणि मधली जमीन झाडून रिकामी ठेवलेली. वर तांबडी सळई, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भेगा गेलेल्या, भिंतीपर्यंत. ह्या छताखाली ही बाई भाकऱ्या थापते! — तिच्या मनात तिरस्काराचा शब्द तयारच होता, पण त्याच्या मागून दुसरा प्रश्न आला. कुठं थापणार मग?

"अगं ए," बाहेरून हैबतराव ओरडले, "तितं मधी उभी राहू नको. भाईर ये. डोक्यात पडंल."

आपण काय बोलून बसलो ते हैबतरावांच्या ध्यानात आलं असावं. खुर्ची जराशी करकरली. दारातून तिला आनंदा दिसत होता. त्यानं पहिल्यांदाच खुर्चीच्या पायावरून नजर वर उचलली होती.

ती तिथंच उभी राहिली. एरवी ह्या क्षणाची तिनं मजा घेतली असती, कितीतरी दिवस पुरली असती ती मजा, भांडी घासताना, वैरण टाकताना. तिनं आत चाचपून पाहिलं. नवऱ्याबद्दल काही उठेना. ओट्यावरून तो किती लहान दिसायचा, भिवाजीही, हे सगळेही. इथून नुसते आवाज येत होते, आणि मान आपोआप खांद्यांत गेली होती, चांगुणाची होती तशीच. हे मोडून नीट करायचं तर बापानं दिलेल्यातलं उरलेलं रान विकावं लागेल, हे तिला सकाळीच, तो तुकडा चुरत असताना कळलं होतं का? बहुतेक कळलं होतं. म्हणूनच तर इतका घाईनं भिरकावला. आता बाहेर जाऊन काहीतरी बोलावं लागणार होतं, सगळे वाट बघत होते, आणि आपल्या तोंडून काय बाहेर पडेल — 'होय, मी भरीन' की ह्यांचंच एखादं वाक्य, ह्यांच्याच आवाजात — ह्याचा तिला भरवसा वाटेना. शेजारी चांगुणा येऊन उभी राहिली होती. दोघीही वर बघत होत्या.