झाकणाबरोबर निघणारी रिंग

सायली नवसाबाईच्या पोटची नव्हती, पण हे वस्तीत कुणी सांगितलं तरच कळायचं. सायलीची आई विमलाबाई आणि नवसाबाई या दोघी अंबड लिंक रोडच्या कडेला गोटीराम शेठच्या गोदामात शेजारी शेजारी बसून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या साफ करायच्या. विमलाबाई काविळीनं गेली तेव्हा सायली चौथीत होती. बाप त्याच्या आधीच घर सोडून गेलेला. दहाव्याला नातेवाईक जमले, पोरीला कुणी न्यायचं यावरचं बोलणं लांबत चाललं, तेव्हा नवसाबाई उठली आणि तिनं सगळ्यांच्या देखत सायलीचं दप्तर उचललं.

"माझ्या खोलीत अजून एक माणूस मावतं," एवढंच म्हणाली.

तिला मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं दुसरी बायको केल्यावर ती बागलाणातल्या नामपूरच्या माहेराहून नाशकात आली होती आणि तिथं परत तोंड दाखवायचं नाही म्हणून इथंच राहिली होती. गोदामातल्या बायका हेच तिचं गणगोत. वस्तीतल्या चिमणाबाईला तर तिनंच कामाला लावलं होतं. पुढं आणखी चौघीजणी नवसाबाईचं बोट धरून आल्या आणि न नेमताच ती त्यांची मुकादम झाली.

काम एकच. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं की झाकण निघतं, पण त्याच्या खालची रिंग बाटलीच्या गळ्यातच राहते. बाटली आधी कुणी उघडलेली नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून ती रिंग असते. पण बाटली एका प्लास्टिकची, रिंग दुसऱ्या प्लास्टिकची. दोन्ही एकत्र दळली गेली तर माल बिघडतो, भाव पडतो. म्हणून बायका एकेक बाटली मांडीत धरून गळ्यावर ब्लेड फिरवायच्या, रिंग कापून बाजूला फेकायच्या, की दुसरी बाटली. ब्लेड घसरलं की बोट कापलंच. नवसाबाईचा डावा अंगठा इतक्यांदा कापला होता की त्यात जीव उरला नव्हता. चुलीवरचं पातेलं लागलं तरी तिला चटका कळायचा नाही. एका पावसाळ्यात तो हात कोपरापर्यंत सुजला. सायली तेव्हा आठवीत. ती रोज मावशीची वेणी घालून द्यायची, भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात द्यायची, आणि ठणक्यानं मावशी कण्हायला लागली की त्या रिंगांना वाट्टेल तशा शिव्या द्यायची. नवसाबाई कण्हता कण्हता हसायची.

सायली पॉलिटेक्निकातून डिप्लोमा झाली आणि सातपूरच्या एका झाकणं बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला लागली. वर्ष दीड वर्ष तिनं दुसऱ्यांचीच चित्रं सुधारली. मग एक दिवस तिच्या विभागाचे प्रमुख प्रफुल्ल सर एक बाटली घेऊन आले. पाणी भरणाऱ्या एका मोठ्या कंपनीला नवीन झाकण हवं होतं, असं की उघडल्यावर गळ्यात काही राहू नये आणि बाटली सरळ दळायला जावी.

"कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

सायलीनं हात वर केला, तोही जरा घाईनंच.

काम वाटलं त्यापेक्षा चिवट निघालं. झाकण बंद असताना रिंग अख्खी दिसायला हवी. उघडताक्षणी ती फाटायला हवी, नाहीतर कुणीही नळाचं पाणी भरून बाटली पुन्हा विकेल. आणि फाटूनही ती झाकणाला धरून राहायला हवी. झाकण आणि रिंग यांना जोडणारे बारीक टाके असतात. ते नाजूक केले की टेम्पोच्या हादऱ्यानं आपोआप तुटायचे, जाड केले की झाकण फिरायचं नाही. सायलीनं एका बाजूचे दोन टाके मुद्दाम जाड ठेवले, बाकीचे बारीक केले, आणि समोरच्या बाजूला रिंगेवर एक उभी पातळ रेघ दिली. झाकण फिरलं की रिंग त्या रेघेवर उकलायची आणि जाड टाक्यांना लोंबकळत झाकणाबरोबर निघून यायची.

कागदावर हे सोपं होतं. साच्यातून निघालेले पहिले नमुने पिशवी भरभरून घरी यायला लागले. नवसाबाई गोदामातून आली, हातपाय धुतले, की भिंतीला टेकून बसायची आणि बाटल्या उघडायला घ्यायची.

"ही नाय निघत गं. माझ्या हातानं नाय निघत म्हणजे म्हातारीकोतारीला काय निघणार?"

सायली टाके आणखी बारीक करायची. आठवड्यानं पुन्हा पिशवी.

"आता निघतीय, पण रिंग खालीच ऱ्हायली. बघ, गळ्यातच हाय."

असं कितीतरी महिने चाललं. आणि एक दिवस मावशीनं झाकण फिरवलं, कट्‌ असा आवाज झाला, आणि रिंग उकलून झाकणासकट तिच्या तळहातावर आली. बाटलीचा गळा स्वच्छ. नवसाबाईनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग आपला बधिर अंगठा त्या गळ्यावरून कितीतरी वेळ फिरवत राहिली आणि भिंतीवरच्या विमलाबाईच्या फोटोकडं बघून म्हणाली, "इमल, तुझ्या पोरीनं ब्लेड सोडवलं बघ आपलं."

दोघी पोट भरून रडल्या आणि मग त्यांनी शिरा केला. त्या घरातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस. दोघींपैकी एकीच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

झाकण बाजारात गेलं. काही महिन्यांनी त्याच बाटल्या रिकाम्या होऊन गोटीराम शेठच्या गोदामात यायला लागल्या. सुरुवातीला बायकांना मोठं अप्रूप वाटलं. मोकळ्या गळ्याची बाटली हातात आली की चिमणाबाई ओरडायची, "ही आपल्या सायलीची गं!" आणि ती न कापताच ढिगावर फेकायची.

मग ढिगात सायलीच्याच बाटल्या जास्त दिसायला लागल्या.

एका रविवारी सायली मावशीचा डबा द्यायला गोदामात गेली, तर गोटीराम शेठनं तिला हाक मारून बसवलं, पेढ्याचा बॉक्स पुढं केला. माणूस वाईट नव्हता. खरोखर खुश होता.

"पोरी, तू माझं अर्धं काम हलकं केलंस. माल कसा सरळ मशीनला जातो. रिंगा कापायला आता दोन बाया बास झाल्या. बाकीच्यांना पुढच्या महिन्यापासनं नाही म्हणून सांगतोय."

सायलीच्या तोंडात पेढा तसाच राहिला. "बाकीच्यांना म्हणजे?"

"नवसाबाईला काढणार नाही गं! ती राहीलच. तुझी मावशी ती. दुसरी कुठली ठेवायची ते तिचं तिनं सांगावं."

सायलीनं पत्र्याच्या भिंतीपलीकडं बघितलं. सहाजणी खाली मान घालून बसल्या होत्या आणि आज त्यांच्यात कुणी बोलत नव्हतं. म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठनं नवसाबाईला विचारलं, कोण ठेवायची. नवसाबाईनं पाचीजणींकडं बघितलं. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एकीची पोर बारावीला. तिनं ब्लेड पोत्यावर ठेवलं, पदर झटकला आणि म्हणाली, "शेठ, दोघी या पाचातल्याच ठेवा. मी चालले."

तरी तिघींचं काम गेलंच. त्यात चिमणाबाई होती.

वस्तीतल्या नळावर सकाळी चिमणाबाईनं तोंड सोडलं. "पोटाला चिमटा काढून शिकवली ना तू तिला? आमच्याच हातातला घास काढायला शिकली ती! आमचाच हात बघून केलं ना तिनं ते झाकण?" नवसाबाई हंडा भरेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चिमणे, मला काय बोलायचं ते बोल. पोरीला काय बोलू नको." आणि अर्धाच हंडा घेऊन घरी आली. हे सायलीला शेजारणीकडून कळलं. मावशीनं घरात त्यातलं अक्षर काढलं नाही.

सायलीनं प्रफुल्ल सरांना गाठलं. "सर, पॅकिंगला तिघी जणी घेता येतील का? गरज आहे हो त्यांना."

प्रफुल्ल सरांनी मनापासून खटपट केली. पण पॅकिंगचं काम ठेकेदाराकडं होतं आणि त्याला तरण्या पोरी हव्या होत्या. त्यानं एकीला घेतलं. चिमणाबाईकडं बघून तो म्हणाला, "मावशी, बारा तास उभं राहणं जमायचं नाही तुम्हाला." चिमणाबाई कंपनीच्या फाटकातून बाहेर पडली. सायली तिच्या मागं धावली, तर तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

घरात नवसाबाई दिवसभर रिकामी बसायला लागली. सायली म्हणायची, "मावशी, मी कमावतेय ना, तू आता आराम कर." नवसाबाई हो म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. नळावर जाणं तिनं बंद केलं. पाणी सायलीच भरायची. मग भावाच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून ती नामपूरला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाताना तिनं डब्यात सायलीसाठी चटणी करून ठेवली, गॅस कसा बंद करायचा ते लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. लग्न झालं, पुढचा महिना गेला. फोन केला की म्हणायची, "येते, येते." मग तेही म्हणेनाशी झाली.

सायली रजा काढून नामपूरला गेली. नवसाबाई अंगणात कांदा निवडत बसली होती. बाजारातला कांदा घरोघर निवडायला देत होते. भावजयीशी ती अहिराणीत बोलत होती, भरभर, हसून, आणि सायलीला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. नाशकात तिनं हे बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. सायलीला बघून ती धडपडत उठली.

"कधी उनी वं माय?" म्हणाली आणि मग लगेच, "कधी आलीस गं?"

भावजयीनं कपबशीत चहा दिला. खुर्ची पुसून दिली. जेवायला पुरणपोळी केली. जेवताना नवसाबाई सायलीच्या समोर बसली नाही, वाढत राहिली. दुपारी दोघीच उरल्या तेव्हा सायलीनं तिचा हात धरला.

"मावशी, घरी चल. माझं चुकलं का गं? चुकलं असेल तर मार मला. पण असं करू नकोस."

नवसाबाईनं पुढ्यातला कांदा बाजूला सारला. "चुकलं असतं तर बरं झालं असतं, पोरी. दोन थोबाडीत दिल्या असत्या, पोटाशी धरलं असतं अन् चालले असते तुझ्यासंगं. तुझं काय चुकलं? माझ्याच हातासाठी केलंस तू. मीच उघडून उघडून बघितलं. पण त्या वस्तीत मी कोणत्या तोंडानं ऱ्हाऊ? नवऱ्यानं टाकल्यावर नाशकात आले तेव्हा चिमणा रात्र रात्र बसली होती माझ्यापाशी. आता तिच्या दारावरनं जाताना माझे पाय उचलत नाय."

"आपण दुसरीकडं खोली घेऊ. इंदिरानगरला घेऊ, कुठंही घेऊ."

"तिथं माझं कोण हाय?"

"मी आहे ना!"

नवसाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "तू सकाळी जाशील कंपनीत. मी भिंतींशी बोलू का? इथं बाया हायत बसायला. कांदा हाय हाताला." मग ती म्हणाली, "तुला बघितलं की मला लय बरं वाटतं गं. अन् तुला बघितलं की त्या तिघी पण दिसतात. मी काय करू?"

निघताना भावजयीनं तिला हळदीकुंकू लावलं, हातात खण ठेवला, जसा पाहुणीला देतात तसा. नवसाबाई एसटीपर्यंत पोचवायला आली. बस सुटली तेव्हा सायलीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि सटाणा येईपर्यंत मान वर केली नाही.

पुढं तिचं झाकण आणखी दोन कंपन्यांनी घेतलं. प्रफुल्ल सरांनी सगळ्यांपुढं तिचं कौतुक केलं, तिला बढती मिळाली. ती दर महिन्याला नामपूरला जाते, जेवते, संध्याकाळच्या गाडीनं परत येते. खोलीत आता गॅसवर एकाच माणसाचा स्वयंपाक होतो.

परवा सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत ती पाथर्डी फाट्याला उभी होती. बाजूला आठ-दहा बायका पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला नेणाऱ्या टेम्पोसाठी थांबल्या होत्या. त्यातली एक तिच्याकडं बघत होती. चिमणाबाई होती ती, खूप वाळली होती. सायलीनं घाबरून मान फिरवली. पण चिमणाबाईच जवळ आली.

"नवसा कशी हाय?"

"बरी आहे."

"येणार हाय का?"

सायलीनं मान हलवली. नाही.

चिमणाबाई डबा छातीशी धरून उभी राहिली. "मी नळावर तोंडाला येईल ते बोलले गं तिला. पोटात आग होती, बोलले. मला वाटलं चार दिस रुसंल अन् येईल. दुपारच्याला डबा उघडते ना, तर अजून तिच्यासाठी लोणचं बाजूला काढते मी. येड्यावानी. तिला म्हणावं, चिमणा इचारत होती."

"सांगते," सायली म्हणाली. चिमणाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिच्याही. त्या फाट्यावर दोघींपैकी कुणालाच दुसरीचे डोळे पुसणं सुचलं नाही. टेम्पो आला, बायका भराभर चढल्या, चिमणाबाईला कुणीतरी हात देऊन ओढून घेतलं.

संध्याकाळी सायलीनं नामपूरला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. लोणच्याचंही सांगितलं. पलीकडून हुंदका आला, आणि मग भावजयीचा आवाज, "वन्सं, काय झालं वं?"

"मावशी, तिला काय सांगू?" सायलीनं विचारलं.

"सांग, की..." नवसाबाई म्हणाली. ती थांबली. पुन्हा म्हणाली, "सांग, की..." आणि तिला ते वाक्य काही पुरं करता आलं नाही.