चौथा गडी

कृष्णात शिराळ्याच्या तालमीतला. पलटणीतही सगळे त्याला पैलवानच म्हणत. लढाई संपली तेव्हा त्याची मराठा पलटण इटलीत होती. हिवाळ्यात डोंगरातल्या एका गावी गोरे साहेब बॉब खेळायचे. बॉब म्हणजे बर्फाच्या घळीतून सुटणारी चौघांची लोखंडी घसरगाडी. पुढचा वळवतो, मधले दोघं अंग चोरून बसतात. चौथा गडी मागून पळत रेटा देतो, उडी मारून आत बसतो आणि शेवटी ब्रेकही तोच ओढतो.

कॅप्टनसाहेबाचा चौथा गडी खांदा मोडून दवाखान्यात पडला. साहेबानं त्याच्या जागी कृष्णातला उभं केलं. त्यानं असा रेटा दिला की गाडी गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटली. वळणावर ती भिंतीला चढली तसा कृष्णात ओरडला, "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" त्या हिवाळ्यात फौजेची शर्यत त्यांनीच मारली. साहेब पाठीवर थाप मारून म्हणाला, "दो साल बाद ऑलिंपिक है, कृष्णात. मेरे पीछे तुम ही बैठेगा."

कृष्णातनं तो शब्द काळ्या दगडावरची रेघ मानला. पलटणीतून सुटून गावी आल्यावर त्यानं बॉबची आणि साहेबाच्या शब्दाची गोष्ट चावडीवर सगळ्यांना सांगितली आणि हातपाय मोडतील म्हणून कुस्ती सोडली. रोज पहाटे टेकाडावर रिकामी बैलगाडी ढकलत न्यायचा. चावडीवरून आकाराम ओरडायचा, "आरं पैलवान, बैलं मेली का काय तुजी?"

पोलिसात भरती निघाली. थोरला भाऊ नाथाजी काकुळतीला आला. "जा की रं. सायबाचं काय घिऊन बसलायस?"

"दादा, सायेब बोलवणार हाय. नोकरीत अडाकलो तर जाऊ कसा?"

स्वराज्य तोंडावर आलं तेव्हा साहेब विलायतेला परतायच्या आधी बेळगावात आलाय असं कळलं. कृष्णात रेल्वेनं गेला. साहेबानं ओळखलं, हातही मिळवला.

"ऑलिंपिक, सायेब?" कृष्णातनं विचारलं.

"अब तो तुम्हारा राज आया," साहेब हसत म्हणाला. "अपने मुल्क से खेलो."

बाजूचे साहेबही हसले. कृष्णातनं सलाम ठोकला आणि तो मागं फिरला.

घरी त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. गाडी ढकलणंही थांबवलं नाही, कारण थांबला असता तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एका लग्नाला वऱ्हाड कराडला गेलं. लग्न उरकून मंडळी सिनेमाला बसली. आधी परदेशातल्या बातम्या लागल्या. पडद्यावर बर्फाचा डोंगर आला आणि त्यातून बॉब सुटली. पुढं कॅप्टनसाहेब होता. मागं एक लांबड्या मानेचा गोरा पोरगा. त्यानं ब्रेक उशिरा ओढला, गाडी भेलकांडली. थेटरात हशा पिकला.

"आयला, गाडी खरीच हाय की रं!" आकाराम मागून ओरडला. "पर तू कुठं हाईस त्यात?"

विजयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. "आवं, तुमच्या जागंवर त्यो कोण बसलाय?"

"कोणतरी आसंल," कृष्णात म्हणाला. पुढचा सिनेमा त्याला दिसलाच नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा भरती निघाली तेव्हा तो मुकाट साताऱ्याला गेला. फौजदारानं छाती मोजली, दंड चाचपले. मान हलवून म्हणाला, "अंग झकास आहे, पण वय उलटलंय. खेळाडू असशील तर सवलत देता येईल. फौजेत काही खेळलास?"

मागं रांगेत त्याच्याच गावची, कराडला थेटरात हसलेली दोन पोरं उभी होती. दोघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं.

"न्हाई जी," कृष्णात म्हणाला.

"कुस्ती, दौड, काहीच नाही?"

"काईबी न्हाई."

फौजदारानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली.