माझ्या मागे कोण

"नात आहे म्हणून काय झालं? रांगेत पुढे घेऊ की काय तिला?"

आजीने पायात चपला सरकवल्या आणि कापडी पिशवी खांद्याला अडकवली. मुलगा कुलूप हातात घेऊन दारात उभा होता. मतदानाचा दिवस, वॉर्डाच्या निवडणुकीला त्याची पोटची मुलगी उभी, आणि त्याचीच जन्मदाती आई मत कुणाला देणार ते सांगायला तयार नाही. बिचाऱ्याने तोंड तरी कुणाकडे करावं? महिनाभर तो आडून आडून विचारत होता. आज न राहवून सरळ विचारलं, तर हे उत्तर मिळालं.

नात जिन्यात उभी राहून ऐकत होती.  आजी उतरायला लागली तशी तिने आधाराला हात पुढे केला, आणि आजीने त्या हातात पाण्याची बाटली ठेवली.

भांडणाचं मूळ चौकातल्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. नातीचा हसरा फोटो आणि त्याखाली ठसठशीत अक्षरं : 'रांगमुक्त वॉर्ड'. दवाखान्याचा नंबर फोनवर लागेल, दाखले फोनवर मिळतील, कुणी कुठे ताटकळत उभं राहायचं नाही. तरुण मंडळी बेहद्द खूश होती. आजीने मात्र ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि त्या दिवसापासून ती नातीशी कामापुरतंच बोलायला लागली.

खरं म्हणजे आजीचा उभा जन्म रांगेत गेला होता. ती तरुण होती तेव्हा दूध, साखर, साबण, कापड, कशाचाच भरवसा नसे. दवाखान्याच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायला होती. कामावर जाण्याआधी दुधाची रांग, कामावरून सुटल्यावर साखरेची. लांबून रांग दिसली की आधी जाऊन उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं की बाबा, इथे मिळतंय काय. अशीच ती एकदा एका लांबलचक रांगेत शिरली. अगदी पुढे पोचल्यावर कळलं की कुणा अनोळखी जोडप्याचं लग्न आहे आणि लोक त्यांना शुभेच्छा द्यायला उभे आहेत. आता आलोच आहोत म्हणून तिने नवरा-नवरीला सुखाने नांदा असं सांगितलं आणि गोड खाऊन ती घरी आली.

पण त्याच रांगांत तिला एक गोष्ट मिळाली, जी धुलाईखान्यात कधी मिळाली नव्हती. दवाखान्याचे सगळ्यांत मोठे डॉक्टर एकदा दुधाला आले आणि सवयीने थेट पुढे चालायला लागले. लोक आरडाओरडा न करता एवढंच म्हणाले, की डॉक्टरसाहेब, या बाईंच्या मागे तुमचा नंबर. डॉक्टर निमूटपणे आजीच्या मागे येऊन उभे राहिले. ज्यांच्या नजरेला आजी आजवर कधी पडलीच नव्हती, त्यांना अर्धा तास तिच्या अंबाड्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. आजीचं राजकारण त्या अर्ध्या तासात ठरून गेलं. जो रांग सरळ ठेवील त्याला मत. जुन्या नगरसेवकांच्या वडिलांनी त्या काळी वॉर्डात रांगेला कठडे बसवले, सर्वांना एकच खिडकी केली. तेव्हापासून आजीचं मत त्या घराला. आधी वडिलांना, मग मुलाला. यंदा नातीच्या समोर तेच उभे होते.

तिच्या मुलाच्या वाट्याला तीच रांग वेगळी आली होती. आईला कामाला उशीर झाला की ती त्याला जागेवर उभं करून जायची. त्याच्या आठवणीतल्या रांगेत माणसं नाहीतच, नुसते गुडघे आहेत. हे गुडघे त्याला हळूहळू मागे ढकलायचे, आणि आई परत यायची तेव्हा तो शेवटून दुसरा असायचा. मोठेपणी त्याने भांड्याकुंड्यांचं दुकान काढलं आणि ते छतापर्यंत भरलं. आजही दोन गिऱ्हाइकं एकामागे एक उभी राहिली की त्याचा जीव कासावीस होतो आणि तो "इकडे या, इकडे या" करत गल्ल्यावरून उठतो. दुकानदारांना त्रास देऊ नका म्हणणाऱ्या कुणालाही तो मत देत आला होता. यंदा मुलगी उभी, म्हणून प्रश्न मिटला.

आणि नात? ती भरलेल्या दुकानातच रांगायला शिकली. तिच्या लेखी रांग म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण.

राहता राहिली घरातली एक जुनी गंमत. आजी निवृत्त झाली तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने वारस म्हणून कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून विचारलं, "बाई, तुमच्या मागे कोण?" आजीने वळून पाहिलं आणि बोट दाखवलं, "हे स्वेटरवाले." स्वेटरवाले गृहस्थ क्षणभर हरखून गेले म्हणतात. नात लहानपणी ही गोष्ट रोज रात्री पुन्हा पुन्हा ऐकायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

शाळेपाशी पोचले तर मतदानाची रांग फाटकाबाहेर पार वळणापर्यंत गेली होती. मुलाचा चेहरा उतरला आणि आजीचा उजळला. मुलगा पुढे, मध्ये आजी, मागे नात असे तिघं उभे राहिले. मागून एक मुलगी येऊन लागली. तिच्या कानात गाणी चालू होती. रांग काही लवकर हलेना. आजीने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, मग परत पहिल्यावर.

"आजी, तू तिकडे कट्ट्यावर बस. मी धरते तुझी जागा."

"माणसाने जागा धरली की तो वशिला," आजी म्हणाली. "पिशवीने धरली की तो नियम."

"हे कुणी ठरवलं?"

"रांगेने."

नातीला हसू आलं, पण ते तिने गिळलं. महिनाभराचा अबोला तिला आता सोसवेना. हलक्या आवाजात ती म्हणाली, "मागच्या वर्षी तुला दवाखान्यात सोडून कामावर गेले होते, आठवतं? दुपारी न्यायला आले तर तू अजून भिंतीला धरून उभी. तुझे पाय थरथरत होते. त्या दिवशी ठरवलं मी हे सगळं. तुझ्या गुडघ्यांसाठी उभी राहिलेय मी, आजी."

 आपल्या नातीला आपल्या रांगेची लाज वाटते, असंच आजी इतके दिवस धरून चालली होती. आतून काहीतरी हललं, पण इतक्या दिवसांचा राग असा उभ्या उभ्या सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?" ती म्हणाली. "माझ्या धुलाईखान्यातल्या बायका. त्यांच्यातल्या कितीजणींना फोनवर नंबर लावता येतो? ज्याचं बोट चपळ तो पहिला, ही कसली रांग?"

नात विचारात पडली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं आणि आता आलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. "मग काय, उभंच राहायचं का जन्मभर?" तिने विचारलं खरं, पण त्यात वाद नव्हता.

 आजीने खांद्यावरची पिशवी काढून आपल्या जागी जमिनीवर ठेवली, तिचे बंद नीट आत दुमडले, आणि ती लंगडत शाळेच्या कट्ट्याकडे निघाली.  मग नातीने पाठीवरची सॅक काढली, पिशवीच्या मागे बरोबर रेषेत ठेवली आणि आजीच्या शेजारी जाऊन बसली. दोघी एका बाटलीतलं पाणी प्यायल्या.

पुढच्या भानगडीत दोष कुणाचाच नव्हता. रांग थोडी सरकली, मुलगाही सरकला, आणि पिशवी नि सॅक मोकळ्या जागेत दोघीच राहिल्या. आजीच्या काळात मागचा माणूस अशी पिशवी पायाने अलगद पुढे ढकलत असे. ती रीतच होती. मागची मुलगी गाण्यात दंग होती. फाटकावरचा पोलीस नवा होता, तरुण होता, आणि धन्याशिवाय पडलेली पिशवी म्हणजे काय हे त्याला अगदी वेगळं शिकवलेलं होतं. तो कामाला चोख निघाला. त्याने शिट्टी फुंकली, हात पसरले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बेवारस सामान आहे. सगळे मागे व्हा."

रांग उधळली. काहीजण रस्त्यापलीकडे गेले, काही शाळेच्या भिंतीआड. मुलगा "आई कुठाय, आई" करत उलटा धावला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, गुडघ्यांची पर्वा न करता, आजी थेट पिशवीपाशी पोचली आणि ती उचलून तिने छातीशी धरली.

"बेवारस कशी?" ती पोलिसाला म्हणाली. "मी जिवंत आहे की."

तिने पिशवी उघडून दाखवली. चष्म्याचं घर, शाल, बिस्किटांचा पुडा. पोलिसाचे कान लाल झाले. त्याने सॅककडे पाहिलं तेव्हा ती माझी, असं नात म्हणाली आणि तीही लाल झाली. आजीने पुडा फोडून पोलिसाला दोन बिस्किटं दिली, त्यानेही ती खाल्ली. मग जो हशा पिकला तो रस्त्यापलीकडे पोचला.

पण हसून झाल्यावर पाहतात तर रांग कुठेच नव्हती. जो तो आपण पुढे होतो असं सांगत होता. अशात जुने नगरसेवक मत द्यायला आले. भला माणूस, हसतमुख. त्यांच्या माणसांनी साहेबांना घाई आहे, जरा जाऊ द्या म्हणत वाट केली, आणि साहेब डावी-उजवीकडे मान लववत फाटकातून थेट आत गेले. कुणी काही म्हटलं नाही. आजी मात्र त्या पाठमोऱ्या साहेबांकडे बघतच राहिली. यांच्याच वडिलांनी ते कठडे बसवले होते.

पोलीस नातीकडे वळला. मघाच्या फजितीची भरपाई करायची त्याची इच्छा असावी. "मॅडम, तुम्हीपण उमेदवार ना? जा की त्यांच्या मागोमाग."

आजीने पिशवी घट्ट धरली. रांगमुक्त वॉर्डवाली पोरगी, आणि समोर रांगच नसलेलं उघडं फाटक.

नातीने फाटकाकडे पाहिलं. मग ती वळली आणि सर्वांत जवळच्या गृहस्थांना तिने विचारलं, "काका, तुमच्या पुढे कोण होतं?"

"लाल छत्रीवाल्या बाई."

"आणि मागे?"

असं ती एकेकाला विचारत निघाली. पाहता पाहता लोकच एकमेकांना विचारायला लागले. वर्षानुवर्षं एका रस्त्यावर राहून कधी न बोललेली माणसं एकमेकांच्या दंडाला धरून तुम्ही माझ्या पुढचे, तुम्ही माझ्या मागचे, असं सांगू लागली. कुणी कुणाला हरवलेल्या नातलगासारखं हाक मारून बोलवत होतं. कानातलं काढून ती मुलगी म्हणाली, "माझ्या पुढे माणसं नव्हती. दोन पिशव्या होत्या." ते मान्य करण्यात आलं. मुलाची पाळी आली तेव्हा तो एकदम लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, "माझ्या मागे आई." त्याची जागा या वेळी कुणीही मागे ढकलली नव्हती.

नात आजीपुढे येऊन उभी राहिली. तिने सर्वांना जे विचारलं तेच विचारलं.

"आजी, तुझ्या मागे कोण?"

आजीने या वेळी वळून पाहिलं नाही. तिने नातीच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तू," ती म्हणाली. "माझ्या मागे तू."

नातीला स्वेटरवाले गृहस्थ आठवले असावेत, कारण ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मुलाने चष्मा काढला आणि उगाचच काचा पुसत बसला. मग तिघं आपापल्या जागी उभे राहिले आणि रांग हलायला लागली.

मत देऊन आधी मुलगा बाहेर आला, मग आजी, मग नात. मुलाला काही धीर धरवेना. "आता तरी सांग," तो म्हणाला.

"मत गुप्त असतं," आजी म्हणाली. मग नातीला म्हणाली, "दवाखान्यात बाकडी टाक. फोन ज्याला हवा त्याला असू दे. पण खिडकी बंद करायची नाही."

"नाही करणार."

"आणि भिंतीवरचं ते बदल. बसायची रांग म्हण."

नातीने मान डोलावली. आजीने खांद्यावरची पिशवी काढली. ती आजवर तिने मुलाला धरू दिली नव्हती, सुनेला नाही, दवाखान्यातल्या नर्सलाही नाही. ती तिने नातीच्या खांद्याला अडकवली आणि बंद नीट केला. मग मोकळा खांदा एकदा हलवून पाहिला, आणि नातीच्या पुढे, आपल्या नंबरप्रमाणे, घराकडे चालायला लागली.