एनोक काय म्हणाला

बिबियानेचं डोकं पहिल्याच संध्याकाळी फिरलं, ते जहाजावरच्या एका फळ्यामुळे. जेवणाच्या दालनाबाहेर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम लिहिलेला होता: 'सकाळी नूगाक. निर्मनुष्य किनारा. आदिम शांतता.'

ती फळ्यासमोर उभी राहिली आणि मागून येणारा थोरला भाऊ, एनोक, तिच्या पाठीवर आदळला.

"काय झालं?"

"वाच."

एनोकला डेनिश वाचायला वेळ लागायचा. त्याने ओठ हलवत वाचलं आणि म्हणाला, "बरं लिहिलंय. अक्षर सुंदर आहे."

"निर्मनुष्य म्हणे. आपण काय सील होतो?"

"आत चल. अंडी संपतील."

नूगाक हे दोघांचं जन्मगाव. ग्रीनलँडमधल्या एका फियॉर्डच्या, कड्यांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, तोंडाशी खडकावर वसलेली बारा-पंधरा घरं, एक शाळा, त्याच शाळेत रविवारी प्रार्थना. बिबियाने नऊ वर्षांची असताना गाव उठलं, आणि त्यानंतर ती एकदाही तिथे गेली नव्हती. एनोकची स्वतःची होडी होती तोवर तो म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात नेतो. मग त्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि होडी विकली. भाचे-पुतणे भले होते, पण हलिबट माशाचा हंगाम आणि रिकामा उन्हाळा हे कधी एकत्र आले नाहीत. शेवटी बिबियानेच्या मुलीने, पाविआराने, मार्ग काढला. ती हॉटेलात कामाला होती. एका पर्यटक जहाजावर शेवटच्या क्षणी एक खोली रिकामी राहिली, ती तिने आई आणि मामासाठी मिळवली. सत्तरीला टेकलेली बिबियाने आपल्याच फियॉर्डमध्ये पाहुणी म्हणून निघाली.

जहाज लहान होतं. प्रवासी बहुतेक जर्मन आणि अमेरिकन, सगळे निवृत्त, सगळे सभ्य. कंपनीने प्रत्येकाला लाल जाकीट दिलं होतं. बिबियानेने ते घेतलं नाही. एनोकने घेतलं आणि पलंगावर बसतानाही अंगातून काढलं नाही.

"टपालाची पेटी दिसतोयस," ती म्हणाली.

"ऊबदार पेटी आहे," तो म्हणाला.

सकाळी रबरी होड्यांतून सगळे किनाऱ्याला उतरले. बिबियानेने पाय खडकावर ठेवला आणि तिला सगळं लगेच ओळखू आलं, हेच तिला सहन होईना. घरांच्या मातीच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या आणि त्यांवर हिरवं गवत माजलं होतं. जिथे माणसं राहिली, कुत्री राहिली, मासे साफ झाले, तिथलं गवत असंच माजतं. शाळेची पायरी जागेवर होती, शाळा नव्हती. ती आपल्या घराकडे निघणार, तोच मोहिमेच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना गोल करून उभं केलं.

या बाई म्हणजे सिग्ने. तिशीची, डेनिश, गोड चेहऱ्याची. आवाज असा की रागावणाऱ्यालाच लाज वाटावी. तिने सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत, आणि या दोघांसाठी मागोमाग डेनिशमध्ये. इथे शिकारी लोक शेकडो वर्षं निसर्गाशी एकरूप होऊन राहत होते. मग साठच्या दशकात नवा काळ आला. शाळा, दवाखाने, पक्की घरं. "आणि चांगल्या आयुष्याच्या ओढीने," सिग्ने म्हणाली, "इथल्या कुटुंबांनी आपलं गाव सोडायचं ठरवलं."

"कोणी ठरवलं?" बिबियानेने विचारलं.

सिग्नेने हसून तिच्याकडे पाहिलं. "आपल्यासोबत आज बिबियाने आहेत, त्या याच—"

"मी विचारलं, कोणी ठरवलं. मी इथेच होते. माझ्या आतातानं, म्हणजे बापानं, ठरवलेलं मला आठवत नाही."

कोणीतरी खाकरलं. बिबियाने पुढे आली. तिची डेनिश शाळेतली, जुन्या वळणाची होती, पण रागात ती सरळ धावायची.

"त्यांनी दुकान बंद केलं. एवढंच केलं. कोणी बंदूक रोखली नाही, कोणी दंडाला धरून ओढलं नाही. सरकारी दुकान होतं, ते बंद. मग कोळसा नाही, काडतुसं नाही, कॉफी नाही. मास्तरला दुसऱ्या गावी धाडलं. आता सांगा, हिवाळा तोंडावर आलाय, घरात लेकरं आहेत, तुम्ही काय ठरवाल? आणि शहरात काय मिळालं? चौथ्या मजल्यावरची खोली. माझा बाप फियॉर्डमधला पहिल्या नंबरचा शिकारी. तो मासे गोठवायच्या कारखान्यात फरशी धुवायला लागला. त्याच्याशी तिथला मुकादम बोटांच्या खुणांनी बोलायचा, कारण याला भाषा येत नाही. याला! ज्याचा शब्द इथे चार गावं ऐकायची. त्यानं तोंड मिटलं ते मरेपर्यंत. चांगल्या आयुष्याची ओढ म्हणे."

सिग्ने न अडखळता भराभर इंग्रजीत भाषांतर करत होती. ते संपलं. मग गोलातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बिबियानेला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. तिला कुणी उलट बोललं असतं तर चाललं असतं, एखादा चिडून निघून गेला असता तरी चाललं असतं. पण टाळ्या. एक उंच म्हातारे गृहस्थ, म्युनिकमधले निवृत्त दंतवैद्य, डोळे पुसत पुढे आले. त्यांना थोडीफार डेनिश येत होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"अप्रतिम," ते म्हणाले. "काल दुपारी देवमासा पाहिला, रात्री हिमकडा कोसळताना पाहिला, आणि आज हे."

तिने हात सोडवून घेतला आणि सरळ टेकडीवर चालू लागली. एनोक काठी टेकत मागोमाग.

टेकडीवर गावाचं स्मशान होतं. दगडांचे ढीग आणि त्यांवर लाकडी क्रूस. त्यांची धाकटी बहीण मार्ता डांग्या खोकल्याने गेली होती, ती इथे होती. तिचा क्रूस उपडा पडला होता. बिबियाने गुडघ्यांवर बसली, क्रूस उचलला आणि मागचं ओलं शेवाळ नखांनी खरवडू लागली. एनोक आधारासाठी दगड जमवू लागला.

"कृपया हात लावू नका," मागून सिग्नेचा आवाज आला. ती धापा टाकत चढून आली होती. "माफ करा, मला फार अवघड वाटतंय हे सांगताना. पण ही जागा संरक्षित आहे. इथलं काहीही हलवायचं नाही असा नियम आहे. मी संग्रहालयाला कळवते, ते बघतील."

"ते काय बघतील?"

"क्रूस उभा करायचा का ते."

बिबियानेने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "ही माझी बहीण आहे. तुझ्या आईची कबर पडली तर तू कुणाला विचारतेस?"

सिग्नेचे गाल लाल झाले. बिबियानेने क्रूस मातीत रोवला आणि एनोकने त्याभोवती दगड रचले. क्रूस किंचित तिरका राहिला. सिग्ने बाजूला उभी होती, गेली मात्र नाही. काम होईपर्यंत थांबून ती हळूच म्हणाली, "मघाशी तुम्ही जे बोललात, लोक अगदी हेलावून गेलेत. आज रात्रीच्या जेवणानंतर ग्रीनलँडचा कार्यक्रम आहे. तुम्ही तिथे बोलाल का? नीट, माइकवर?"

बिबियानेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताला अजून बहिणीच्या कबरीची माती होती.

"नाही."

"थोडंसंच—"

"एकदा फुकट रागावले ना मी? पुरे तेवढं."

"मी बोलतो," एनोक म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. एनोक आयुष्यात कधी चार माणसांत बोलला नव्हता. बायकोच्या अंत्यविधीलासुद्धा त्याने फक्त कॉफीबद्दल आभार मानले होते.

"मी बोलतो," तो पुन्हा म्हणाला. "पण आपल्या भाषेत. बिबी डेनिशमध्ये सांगेल."

परतीच्या होडीत ती त्याच्या कानाशी खेकसली, "लाज आहे का तुला? त्यांनी टाळ्या वाजवल्या ते पाहिलंस ना? आता तू नाच जाऊन."

"तू फक्त शेजारी उभी राहा," एनोक म्हणाला.

संध्याकाळी दालनात सीलच्या मांसाचा रस्सा वाढला. आचारी फिलिपिनो होता, त्याने त्यात कसलीशी हिरवी पानं टाकली होती. कप्तानही येऊन बसला. ऊन अजून खिडक्यांतून आत येत होतं. सिग्नेने एनोकची ओळख करून दिली, माइक त्याच्या हातात दिला, आणि दुसरा बिबियानेच्या. जहाजावर त्यांची भाषा कळणारं त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं.

एनोक बोलू लागला. लोकांकडे त्याने पाहिलंच नाही. तो बहिणीकडे बघून बोलत होता.

"बिबी, गाव उठलं तेव्हा बोटीवर कुत्र्यांना जागा नव्हती. बोटवाला म्हणाला, नंतर आणू. आताताला ठाऊक होतं की नंतर कोणी येत नसतं. शहरात इतकी कुत्री ठेवू देणार नव्हते, आणि इथे सोडली तर भुकेने एकमेकांना खातील. आताता बंदूक घेऊन निघाला, आणि दारातच बसला. ती सगळी त्यानेच वाढवलेली. मग त्याने बंदूक माझ्याकडे दिली. म्हणाला, खडकाच्या टोकापलीकडे ने, म्हणजे लेकरांना ऐकू जाणार नाही. मी सोळाचा होतो. आपली होती, आणि शेजाऱ्यांचीही, कारण मी नेतोय म्हटल्यावर सगळ्यांनी आपापली माझ्या हाती दिली. कुत्र्यांना वाटलं, बर्फगाडीला जुंपायचंय. ती उड्या मारत आली माझ्याबरोबर."

दालनात कुणीतरी कॅमेरा वर केला. एनोक थांबला नाही.

"तुझी तुलुगाक, ती काळी, तीही होती. तुला सांगितलं ना, काका दुसऱ्या बोटीने तिला दक्षिणेला घेऊन गेला. काकाने नेली नव्हती. तुला तसं सांगायचं, हे मी आणि आतातानं ठरवलं. एवढंच आम्ही ठरवलं त्या दिवशी. परत आलो तर तू बोटीत बसून बिस्किट खात होतीस. अर्धं मला दिलंस. मी ते खाल्लं."

त्याने जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं, माइक टेबलावर ठेवला आणि खाली बसला.

सगळ्यांच्या नजरा बिबियानेवर आल्या. दंतवैद्यांनी रुमाल आधीच हातात घेऊन ठेवला होता. सिग्ने वाकून ऐकत होती, इंग्रजी करायला तयार. कप्तानाने चमचा खाली ठेवला.

बिबियानेला आपला श्वास माइकमधून ऐकू येत होता. इतकी वर्षं तिने त्या कुत्रीला दक्षिणेत पिल्लं झालेली कल्पिली होती. शाळेत निबंधसुद्धा लिहिला होता. तिने समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. वाईट चेहरे नव्हते ते. पण सगळे वाढून घ्यायला बसल्यासारखे वाटले तिला.

"तो म्हणतो," ती म्हणाली, "रस्सा चांगला झाला होता."

सिग्ने थांबली. "पण ते बरंच बोलले."

"आमची भाषा लांबलचक आहे."

"ते रडले, बिबियाने."

"कांदा जास्त होता," ती म्हणाली. माइक ठेवला, एनोकला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर काढलं. मागे कोणी टाळी वाजवली नाही.

बाहेर कठड्यापाशी वारा बोचत होता. दूरवर एक हिमनग सावकाश कलंडत होता आणि त्यांच्यापैकी कुणीही तिकडे पाहत नव्हतं.

"घरी सांगता येत नव्हतं?" ती म्हणाली. "साठ वर्षं आपण एकाच शहरात राहतोय. रोज दुपारी तू माझ्याकडे येतोस. तिथे नाही, आणि या लोकांसमोर?"

"घरी तू उठून जातेस, बिबी. मी आताताचं नाव काढलं की तुला चुलीवर काहीतरी आठवतं. आज तुझ्या हातात ते यंत्र होतं. तुला जाता येत नव्हतं."

"म्हणजे मला कोंडलंस."

"हो."

तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. मग विचारलं, "तुलुगाकला शेवटी?"

"नाही. तिला सगळ्यात आधी. बाकीच्यांचं तिला बघायला लागू नये."

बिबियाने त्याच्याशी पुढे जहाजावरून उतरेपर्यंत बोलली नाही. जेवायला दुसऱ्या टेबलावर बसली. सिग्ने एकदा तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मी त्या सकाळी जे सांगितलं, ते मला कंपनीने लिहून दिलं होतं."

"मग आता तू लिही," बिबियाने म्हणाली. "मी विचारीन तुला पुढच्या वर्षी." आणि तिने मिठाची बाटली तिच्याकडे सरकवली.

धक्क्यावर पाविआरा घ्यायला आली होती. एनोकला चढावर चालवेना, तेव्हा बिबियानेने न बोलता त्याची पिशवी आपल्या खांद्यावर टाकली. घरी पाविआराने केक कापून ठेवला होता, दोन्ही पुतणे होडी लवकर बांधून आले होते, आणि सगळे एकदम विचारू लागले, कसा झाला प्रवास, गाव पाहिलं का, फोटो काढले का.

"बसा," बिबियाने म्हणाली. "एनोकला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

एनोकने मान वर केली. तिने दार लावून घेतलं आणि कोणी उठून जाऊ नये म्हणून दाराला पाठ टेकून उभी राहिली.