काळ्या राळेखाली

मित्रांनो, मी एक जुना आवाजाचा डबा आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी जमिनीवर माझी जागा असते. गिटारची वायर एका बाजूने माझ्यात शिरते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते. मधे मी त्या आवाजाला जरा राग आणतो. दुकानात मिळतात त्यांना लोक फझ पेडल म्हणतात. आमच्या घरात मला नुसते डबाच म्हणत.

मधलीचे लग्न झाले त्या वर्षीचा माझा जन्म. घरात तीन भावंडे. थोरली, मधली आणि धाकटा. मधली सासरी गेली, तिची खाट निघाली आणि खिडकीजवळचा एक कोपरा रिकामा झाला. थोरलीने त्या कोपऱ्यात टेबल मांडले. तिचे वय तेव्हा एकोणतीस. ती रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची, म्हणजे वितळलेल्या कथिलाने वायरी जोडायची. समोरून सरकत्या पट्ट्यावर रेडिओ यायचा, ती त्याला सहा सांधे द्यायची आणि तो पुढे जायचा. आठ वर्षे तिने तेच सहा सांधे दिले होते. सातवा कोण देतो, हे तिला दिसतसुद्धा नसे.

धाकट्याकडे जुनी गिटार होती. दिसायला झोकदार, पण आवाज असा की वाजवणाऱ्यालाच वाकून ऐकावे लागे. थोरलीने आधी तिचे काम काढले. तारांखाली आवाज पकडणारे तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, ते जळले होते. नवे गुंडाळायला आईचे शिवणयंत्र लागले. आई पाय मारायची, थोरली दोन बोटांतून केसाहून बारीक तार सोडायची आणि शंभर वेढे झाले की भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढायची.

"शिवणयंत्र आहे ते, कारखाना नाही," आई कुरकुरली. "उद्या सुई बसली नाही तर तुझ्या गिटारवर शिवू का मी कपडे?"

"आई, पाय थांबवू नकोस गं. चार हजार दोनशे झालेत."

"आणि माझे गुडघे कोण मोजतंय?"

तार तीन वेळा तुटली. तिन्ही वेळा पहिल्यापासून. शेवटी सात हजार वेढे भरले आणि गिटारला कंठ फुटला.

मग माझी पाळी आली. मी मुळात वायरींच्या जोडणीचा ओतीव डबा होतो, भंगारातून आलेला. माझा पायाने दाबायचा स्विच एका मोडक्या दिव्याचा. माझे बटण एकच, तेही नापास झालेल्या रेडिओचे. माझा जीव म्हणजे पत्र्याच्या टोपीसारखे दिसणारे दोन जुने ट्रान्झिस्टर. कारखान्याने टाकून दिलेल्या चाळीसांतून थोरलीने ते निवडले. एकेक जोडायचा, ऐकायचा, मान हलवायची, काढायचा. दोन आठवडे तिची संध्याकाळ त्यातच गेली. धाकट्याने काय केले म्हणाल, तर स्विचसाठी माझ्या झाकणाला भोक पाडले. तेही वाकडे.

पहिल्यांदा माझ्यातून गिटार वाजली तेव्हा भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरले. शेजारच्या काकांनी खिडकीतून डोके काढले.

"कुठला पत्रा कापताय हो?"

"काका, गाणं आहे ते!" धाकटा ओरडला.

"असं होय! मला वाटलं कोणाचा तरी हात सापडला."

सगळे हसले. थोरली हसली नाही. तिने डोळे मिटले होते. ती ऐकत होती.

मित्रांनो, पुढची सहा वर्षे माझी सुखाची. धाकट्याचे चौघांचे पथक होते. सभागृहांत, शाळांच्या मैदानांवर, हॉटेलांच्या गच्चीवर आम्ही वाजवले. लोक म्हणत, त्या पोराच्या गिटारचा आवाज काही वेगळाच. थोरली प्रत्येक कार्यक्रमाला यायची. उकाडा वाढला की माझा आवाज घुसमटतो, जुन्या ट्रान्झिस्टरांचा तो स्वभावच. म्हणून ती ओला रुमाल घेऊन बसायची आणि दोन गाण्यांच्या मधे माझ्या पाठीवर टाकायची. आणि माझ्यातली वायर उपसली नाही तर आतली बॅटरी रात्रभर जळत राहते. धाकटा हमखास विसरायचा. थोरली आधी वायर उपसायची, मग पायात चप्पल सरकवायची.

ड्रमवाला तोंडाळ होता. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या बहिणी स्वेटर विणतात. याची बहीण करंट विणते! अरे, स्वतःचं काहीतरी कर की."

धाकट्याचे कान लाल झाले. ते मी खालून पाहिले.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेलो. रेकॉर्डिंग करणारा मोठा जाणता माणूस होता. त्याने कानावरचे हेडफोन काढले, वाकून मला उचलले, उलटसुलट पाहिले.

"कुठल्या कंपनीचा हा?"

"कंपनीचा नाही. घरचा आहे," धाकटा म्हणाला.

"बनवला कोणी?"

ड्रमवाला गालात हसत होता.

"मीच बनवला."

"तू? एकट्याने?"

"हो. बसलो एका सुट्टीत."

दारात थोरली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ऐकले. तिने रेकॉर्डिंगवाल्याला चहा दिला, ड्रमवाल्याला दिला, बाकीच्या दोघांना दिला. शेवटचा पेला धाकट्यापुढे धरला आणि म्हणाली, "गरम आहे. जपून."

तिला पैसा नको होता. टाळ्याही नको होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या रेडिओला सहा सांधे देणाऱ्या बाईला एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःची करता आली होती. चार माणसांत कोणीतरी "हा ताईनं बनवला" एवढे म्हणावे, इतकेच तिला हवे होते.

पुढच्या रविवारी सकाळी तिने माझे झाकण उघडले. कारखान्यात ट्रान्सफॉर्मरवर ओतायची काळी राळ असते. दोन बाटल्यांतले द्रव एकत्र केले की तासाभरात तिचा दगड होतो. ती तिने आणली होती. वाटीत ढवळली आणि माझ्या पोटात ओतली. आधी गरम लागले. मग ट्रान्झिस्टर बुडाले, वायरी बुडाल्या. खिडकीतला उजेड माझ्या पोटात यायचा बंद झाला.

"ताई, हे काय करतेयस?" धाकटा आंघोळ करून आला होता.

"कोणी नक्कल करू नये म्हणून. मोठे लोक विचारायला लागलेत ना."

"आणि बिघडला तर?"

"ज्यानं बनवला तो बघेल की."

धाकटा टॉवेलने डोके पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला. त्याला सगळे कळले होते. तेव्हाच म्हणाला असता, ताई चुकलो, तर राळ अजून ओली होती. तो म्हणाला नाही. तीही थांबली नाही.

आणि मित्रांनो, त्या रागात थोरलीच्या हातून एक चूक झाली. ओतताना तिने वायर जरा जोरात बाजूला सारली. एका ट्रान्झिस्टरच्या पायाशी सांधा हलला. एकेक सांधा ओढून पाहिल्याशिवाय झाकण न लावणारी ती बाई, त्या दिवशी तिने काहीच तपासले नाही. मला कळले होते. पण मी फक्त गिटारने सांगितलेलेच बोलू शकतो.

तो सांधा बिचारा चौदा वर्षे टिकला. तेवढ्या काळात धाकटा दुसऱ्या शहरात गेला, त्याचे नाव झाले. आई गेली. कारखाना बंद पडला आणि थोरली घरीच लोकांच्या इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करू लागली. धाकट्याच्या कार्यक्रमांना जाणे तिने केव्हाच सोडले होते. मग एका कार्यक्रमात, ऐन गाण्यात, मी आधी खरखरलो, नंतर मुका झालो.

धाकट्याने मला पाच दुरुस्तीवाल्यांकडे नेले. पाचवा म्हणाला, "साहेब, हा डबा नाही, धोंडा आहे. ज्यानं केला त्याच्याकडेच न्या."

"हो, त्याच्याकडेच नेतो," धाकटा हसून म्हणाला आणि मला घरी आणून कपाटाच्या खणात ठेवले.

अकरा वर्षे मी त्या खणात होतो. तो थोरलीला फोन करायचा, ते मला ऐकू यायचे. जेवलीस का. डोळ्यांचा नंबर वाढला का. छपराचे काम झाले का. माझा विषय कधी निघाला नाही. माझा विषय काढायचा तर आधी ते दुसरे बोलावे लागले असते.

मग थोरलीकडे राहायला आलेल्या मधलीचा फोन आला. थोरलीच्या छातीचे दुखणे बळावले होते. इतक्या वर्षांचा सोल्डरिंगचा धूर, डॉक्टर म्हणाले. धाकट्याने कपडे भरले, खण उघडला आणि मला पिशवीत टाकले.

थोरली उशीला टेकून बसली होती. तिने मला हातात घेतले. तिची बोटे वाळली होती, पण धरायची तऱ्हा तीच.

"बंद आहे?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं!" ती हसली. हसताहसता खोकला आला, पाणी द्यावे लागले. "गाढवा, आधी नाही का आणायचास?"

"कोणत्या तोंडानं आणणार होतो, ताई?"

तिने माझे झाकण चाचपले. मग म्हणाली, "मधलीचं केस वाळवायचं यंत्र आण. आणि आईची विणायची सुई आण."

मित्रांनो, मग आमचे काम सुरू झाले. गरम वाऱ्याने राळ जरा मऊ होते, तेवढ्यात सुईने खरवडायची. धूर तिला चालणार नव्हता, म्हणून धाकटा लांब खिडकीशी बसून खरवडायचा आणि मग मला तिच्यापुढे धरायचा. ती बोट ठेवायची.

"इथं नको. इथं लाल वायर आहे."

"तुला अजून आठवतंय?"

"तू गाणी विसरतोस का?"

पंचवीस वर्षांपूर्वी बुजलेले सगळे तिला काळ्या दगडाआडून दिसत होते. दिवसाला नखाएवढे काम व्हायचे. दहाव्या दिवशी पहिल्या ट्रान्झिस्टरची टोपी उघडी पडली. थोरलीने ती बोटाने पुसली. हललेला सांधा दुसऱ्याखाली होता. अजून चार दिवस लागले असते.

तेराव्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावे लागले. धाकट्याने मला तिच्या उशाशी ठेवले. सलाईन बदलायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, हे काय आणलंय इथं? बाँब वगैरे नाही ना?"

"गिटारचा डबा आहे," धाकटा म्हणाला. "हा ताईनं बनवला. सगळा हिनंच बनवला. मी लोकांना खोटं सांगितलं."

"बरं बरं. जरा सरका, हात दिसू द्या," नर्सबाई म्हणाल्या. त्यांना पुढे अजून नऊ खाटा होत्या.

थोरलीने डोळे उघडले. "सगळा कुठं? भोक तू पाडलंस. वाकडं."

"ताई, मी स्टेजवरून सांगेन. पुढच्या कार्यक्रमात. तू समोर बस."

"डबा चालू होऊ दे आधी."

"दुसरा ट्रान्झिस्टर कुठून उघडू? वरून की बाजूनं?"

"आता दम लागतोय. घरी गेल्यावर सांगते."

एवढेच ती शेवटचे बोलली.

दोन महिन्यांनी धाकट्याने मला भरल्या सभागृहात हातात उंच धरले आणि सगळे सांगितले. तिचे नाव घेतले, आपले खोटे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या वाजवल्या. मग ते पुढच्या गाण्याची वाट पाहू लागले. ज्या दोन कानांसाठी ते शब्द होते ते तिथे नव्हते. आज मी अर्धा उघडा, अर्धा बुजलेला असा त्याच्या टेबलावर आहे. तो रोज सुई घेतो, माझ्यावर टेकवतो आणि खाली ठेवतो. आत कुठे काय आहे, हे त्याला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी तुम्हाला काही करून देत असेल. कोणी सायकल नीट करते, कोणी दप्तर शिवते. कोणी विचारले, हे कोणी केले, तर त्याच क्षणी त्या माणसाचे नाव घ्या. कोणी हसले तरी घ्या. आणि तुम्ही स्वतः काही बनवलेत, तर कितीही राग आला तरी ते आतून बंद करू नका. उघडता येईल असे ठेवा.

थोरली अकरा डिसेंबरला, बुधवारी, सकाळी सव्वानऊ वाजता दवाखान्यात वारली. तिला एकसष्टावे वर्ष चालू होते.