शेवट सोडून सगळं

“मूठ आवळा. तर त्या भुताच्या सिनेमात भूत सोडून सगळे घाबरट!”

खुर्चीतल्या बाई हसल्या, तोवर त्यांचं रक्त नळीत उतरलंसुद्धा. रक्त काढणाऱ्या ताईंची ही पद्धतच. नवा सिनेमा लागला की बघायचा आणि सुई टोचताना त्यावर मत ठोकून द्यायचं. माणूस गोष्टीत अडकला की हात सैल सोडतो.

लग्नाचा सिनेमा: “कपडे झकास. आत नवरा-नवरी कशाला घातले, कळलं नाही.”

पोलिसांचा सिनेमा: “हिरो ओरडून ओरडून बोलतो. माझंच डोकं उठलं. मध्यंतरात पळून आले.”

शेवट मात्र कुणालाच सांगायचा नाही. “तो थेटरात जाऊन बघा. सगळं मीच सांगू होय?”

आणि होडीवाल्याचा सिनेमा. तो फक्त ड्रायव्हरकाकांसाठी, दर खेपेला थोडा थोडा. जन्मभर बस चालवलेला माणूस, आता चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

आज काकांच्या मुलानं ताईंना दाराआड गाठलं. “बाबा शेवट विचारणार आहेत. गोड करून सांगा. डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबांना बोललो नाही अजून.”

ताई सुई-नळीचा ट्रे उचलून आत काकांकडं गेल्या.

“कुठवर आलो होतो?” काकांनी बाही वर केली.

“म्हातारा आजारी. घरचे नको नको म्हणतात. तरी हा होडी सोडतो.”

“पोचला का पलीकडं?”

“थेटरात बघा की.”

“आता कुठलं थेटर, पोरी!”

दारातून मुलगा मान हलवत होता. हो म्हणा, हो म्हणा.

“पोचला,” ताई म्हणाल्या.

“बरं झालं.” काका त्यांच्याकडं बघत राहिले. “मग तुला कसा वाटला शेवट? ते नाही सांगितलंस.”

सुई हातातच राहिली. सिनेमाबद्दल खोटं मत द्यायचं म्हणजे काय करायचं, हे ताईंना ठाऊकच नव्हतं.

“नाही पोचला, काका. नदीच्या मधोमधच गेला. आणि त्यावर हे एवढं लांबण लावलेलं गाणं! ते नको होतं. नुसतं पाणी दाखवायचं.”

मुलगा दारातून दिसेनासा झाला.

“वल्हं कुणाच्या हातात होतं?”

“त्याच्याच.”

“शेवटपर्यंत?”

“हो.”

“मग चांगला आहे सिनेमा,” काका म्हणाले. “गाण्याचं मात्र बरोबर बोललीस.”

रक्त काढून झालं. कोपराच्या लवणीत कापूस दाबून, हात दुमडून काका आपले आपण उठले.

ताईंनी काचेतून पाहिलं. बाहेरच्या बाकावर मुलगा तोंड झाकून बसला होता. काकांनी दुमडलेला हात सोडला आणि त्याच हातानं ते त्याची पाठ थोपटू लागले. कापूस खाली पडला, वर केलेली बाही घसरली. बाहीवर लाल ठिपका पसरत गेला, त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.